आधी कीर्द, मग खतावणी: फाइलसिस्टीमच्या वहीची गोष्ट

लोकलच्या गर्दीत इअरफोनमधून ऐकताना नावं आणि सालं निसटतात, असं तुमच्यापैकी काहींनी कळवलं होतं. म्हणून हा एपिसोड जसाच्या तसा उतरवलेला नाही. जिथे मी घाईत बोलून गेलो होतो तिथे इथे जरा थांबलोय, आणि जिथे फार बडबड केली होती ती कापलीय.

विषय तसा रोजचा आहे. तुम्ही फोटो काढता, तो 'सेव्ह' होतो. पण सेव्ह झाला म्हणजे तो त्या क्षणी चिपवर किंवा डिस्कवर गेला का? बहुतेक वेळा नाही. तो आधी मेमरीत राहतो आणि सवडीने खाली उतरतो. आता फोटोचं ठीक आहे, एक फोटो गेला तर दुसरा काढू. खरी पंचाईत होते ती फोटोबद्दलच्या माहितीची. फाइलचं नाव काय, ती किती मोठी आहे, डिस्कवरच्या कुठल्या ठोकळ्यांत तिचे तुकडे आहेत, कुठले ठोकळे अजून रिकामे आहेत. यालाच मेटाडेटा म्हणतात. फ्लॅट म्हणजे डेटा आणि सोसायटीचं रजिस्टर म्हणजे मेटाडेटा असं समजा. एका फ्लॅटचं छत गळलं तर एका घराचा ताप. रजिस्टरमध्येच घोळ झाला तर कुठला फ्लॅट कुणाचा यावरून अख्खी बिल्डिंग भांडत बसते.

एक साधी फाइल तयार करायची तर किमान तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं. फोल्डरच्या यादीत नाव, फाइलचा स्वतःचा दाखला (त्याला आयनोड म्हणतात), आणि रिकाम्या जागांच्या नकाशात 'ही जागा आता भरली' अशी खूण. डिस्क एका दमात एकच छोटा तुकडा खात्रीने लिहू शकते. म्हणजे या नोंदी एकामागून एक जाणार, आणि दोन नोंदींच्या मध्ये वीज गेली की रजिस्टर अर्धवट. फोल्डरमध्ये नाव आहे, पण त्यामागे फाइलच नाही. त्याहून वाईट म्हणजे एकच जागा दोन फाइलींच्या नावावर.

सत्तरच्या दशकात बेल लॅब्समधल्या युनिक्सने यावर काढलेला तोडगा फारच भाबडा होता. सगळं मेमरीत ठेवायचं आणि दर ३० सेकंदांनी एका छोट्या प्रोग्रामने 'चला, सगळं डिस्कवर टाका' असं ओरडायचं. मधल्या काळात वीज गेली तर नशीब. पुढे त्याच दशकात एफएससीके नावाचा प्रोग्राम आला. मशीन पुन्हा चालू झालं की तो सगळी डिस्क पिंजून काढायचा, विसंगती शोधायचा आणि जमेल तशी डागडुजी करायचा.

माझी एक मावशी बोरिवलीच्या एका सहकारी बँकेत होती. नव्वदच्या दशकात तिच्या शाखेत एससीओ युनिक्सचा सर्व्हर होता, कॅशियरच्या मागच्या खोलीत, त्यावर क्रोशाचं कव्हर वगैरे. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच मेलेल्या. पावसाळ्यात दिवे गेले आणि परत आले की स्क्रीनवर प्रश्न सुरू: अमुक आयनोडला नाव नाही, जोडू का? तमुक ठोकळा दोनदा वापरलाय, काढू का? व्हेंडरचा माणूस फोनवर सांगायचा, "मॅडम, सगळ्याला वाय दाबा." मावशी म्हणते, "अरे, आम्ही वाय दाबत बसायचो आणि बाहेर लाइन दरवाजापर्यंत जायची. पेन्शनर लोक काउंटरवर पासबुक आपटायचे." जोडलेल्या बेवारस फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायच्या. नावाच्या जागी नुसता आयनोडचा नंबर. कुठला नंबर म्हणजे कुणाचं खातं, ते हुडकायला परत व्हाउचरचे गठ्ठे सोडायचे.

आता तुम्ही विचाराल, मग लोकांनी मेटाडेटा लगेच का नाही लिहिला? लिहिला की. बर्कलीमध्ये मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफलर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी 'फास्ट फाइल सिस्टीम' केली. १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर ती बाहेर पडली आणि १९८४ मध्ये तिच्यावरचा प्रसिद्ध पेपर आला. फाइल वाचण्या-लिहिण्याचा वेग जुन्या युनिक्सच्या दहापटीपर्यंत गेला. पण मेटाडेटाच्या बाबतीत त्यांनी सावध पवित्रा घेतला: महत्त्वाच्या नोंदी ठरलेल्या क्रमानेच लिहायच्या, आणि प्रत्येक नोंद डिस्कवर पोचेपर्यंत प्रोग्रामने तिथेच उभं राहायचं. क्रम पाळला की एफएससीकेला दुरुस्ती करता येते. पण त्या काळच्या डिस्कवर एका जागेवरून दुसऱ्या जागी जायलाच काही दशांश मिलिसेकंद नव्हे, चांगले वीस-तीस मिलिसेकंद लागायचे. हजार छोट्या फाइली पुसायच्या म्हटलं की चहा पिऊन या.

लिनक्सच्या सुरुवातीच्या एक्स्ट-२ ने नेमकं उलटं केलं. मेटाडेटासुद्धा मेमरीत ठेवून आरामात लिहायचा. त्यामुळे ती वेगवान वाटायची, आणि वीज गेली की एफएससीके. मधला रस्ता काही सापडत नव्हता.

मग एक अतिशय हुशार कल्पना आली. इथे जरा रेंगाळतो, कारण ही हुशारीच पुढे गळ्यातलं लोढणं झाली.

मिशिगन विद्यापीठातले ग्रेगरी गँगर आणि येल पॅट यांनी १९९४ मध्ये म्हटलं की, प्रत्येक नोंदीसाठी थांबायची गरज नाही. कोण कुणाच्या आधी गेलं पाहिजे एवढं लक्षात ठेवलं की झालं. नियम तीन. एक, जे अजून तयार नाही त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. म्हणजे न बांधलेल्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा नाही (उपनगरातल्या रिडेव्हलपमेंटवाल्यांनी हा नियम भिंतीवर लावावा). दोन, जुन्या मालकाचं नाव खोडल्याशिवाय तीच जागा दुसऱ्याला द्यायची नाही. तीन, घर बदलताना नवा पत्ता लिहून झाल्याशिवाय जुना पुसायचा नाही, नाहीतर माणूस दोन्हीकडून बेपत्ता. पद्धतीचं नाव सॉफ्ट अपडेट्स. मॅक्युसिकनी स्वतः ती बीएसडीमध्ये बसवली, आणि १९९९ मध्ये त्यांनी आणि गँगर यांनी त्यावर लिहिलं.

नियम ऐकायला सोपे आहेत. अडचण अशी की डिस्कवर एकेक ओळ लिहिता येत नाही, अख्खं पान लिहावं लागतं. एका पानावर कितीतरी फाइलींच्या नोंदी. समजा पान क्रमांक ५ वरची एक ओळ पान ९ च्या आधी गेली पाहिजे, आणि पान ९ वरची दुसरीच कुठली तरी ओळ पान ५ च्या आधी. झाला तिढा. सॉफ्ट अपडेट्स यातून कशी सुटते? पानाची झेरॉक्स काढण्याआधी ज्या ओळीची वेळ आलेली नाही तिच्यावर चिठ्ठी चिकटवते, झेरॉक्स काढते, मग चिठ्ठी काढून टाकते. म्हणजे मेमरीतला बदल तात्पुरता मागे घ्यायचा, पान डिस्कवर लिहायचं, आणि बदल पुन्हा करायचा. प्रत्येक प्रकारच्या बदलासाठी वेगळी चिठ्ठी, वेगळी अवलंबित्वाची साखळी, आणि मधेच कुणी तीच फाइल पुसली तर त्या साखळीचा वेगळा निवाडा.

हे चालायचं, आणि वेगातही चालायचं. २००० साली मार्गो सेल्ट्झर, गँगर, मॅक्युसिक वगैरेंनी सॉफ्ट अपडेट्स आणि तिची प्रतिस्पर्धी पद्धत शेजारी ठेवून मोजली, तेव्हा बऱ्याच कामांत दोघी तोडीस तोड निघाल्या. पण कोड मोजक्या डोक्यांतच मावायचा. मी तो वाचायचा प्रयत्न केलाय. दोन संध्याकाळी गेल्या, आणि 'आपल्याला पगार कशाचा मिळतो' असा प्रश्न पडला. नेटबीएसडीने २००९ च्या ५.० मध्ये दुसरी, सोपी पद्धत आणली आणि २०१२ च्या ६.० मध्ये सॉफ्ट अपडेट्सचा कोड काढूनच टाकला. ओपनबीएसडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ७.४ मध्ये हा पर्याय निष्क्रिय केला, कारण त्या कोडमुळे आजूबाजूच्या भागात काही सुधारताच येत नव्हतं. फ्रीबीएसडीने ती ठेवली, पण तिच्या जोडीला दुसऱ्या पद्धतीची छोटी आवृत्ती बसवून.

ही दुसरी पद्धत काय, ते आपल्या आजोबा-पणजोबांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. कीर्द आणि खतावणी.

घाटकोपरच्या कुठल्याही जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. दिवसभर जे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत. अमक्याकडून इतके आले, तमक्याला इतके दिले, खाली खाली लिहीत जायचं. पानं उलटायची नाहीत, कुणाचं खातं शोधायचं नाही. मग सवडीने, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना किंवा रात्री दुकान बंद करताना, त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या. ती खतावणी. खतावणी करता करता मुनीमजींना ताप भरला तरी काही बिघडत नाही. उद्या दुसरा माणूस कीर्द उघडेल, जिथून खतावलेलं नाही तिथून पुढे चालू करेल. खतावणीचं पान फाटलं तरी कीर्दीवरून ते पुन्हा लिहिता येतं.

कॉम्प्युटरमध्ये या कीर्दीला जर्नल किंवा लॉग म्हणतात. फाइल तयार करताना जे तीन-चार बदल व्हायचे ते सगळे एकत्र करून आधी जर्नलमध्ये सलग लिहायचे, शेवटी 'नोंद पूर्ण' असा शिक्का मारायचा. शिक्का पडला की काम पक्कं. मग ते बदल आपापल्या मूळ जागी डिस्कवर कधीही जावोत. वीज गेली तर चालू होताना फक्त जर्नल वाचायचं: शिक्का असलेल्या नोंदी पुन्हा खतावायच्या, शिक्का नसलेल्या सोडून द्यायच्या. सगळी डिस्क पिंजायची गरज नाही. काही सेकंदांचं काम.

डेटाबेसवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या आणि आयआयटी मद्रासमधून शिकलेल्या सी. मोहन यांचा १९९२ चा 'एरीज' पेपर आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. फाइलसिस्टीममध्ये झेरॉक्स कंपनीच्याच पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७ मध्ये 'सीडर' नव्याने लिहिताना लॉग वापरला. मग आयबीएमच्या एआयएक्सची जेएफएस, व्हेरिटासची व्हीएक्सएफएस (या कंपनीचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर पुढे आपल्या पुण्यात उभं राहिलं, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच इंजिनिअरांनी या कोडवर घाम गाळलाय), १९९४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस. लिनक्सच्या एक्स्ट-२ ला स्टीफन ट्वीडी यांनी जर्नल जोडलं, आणि नोव्हेंबर २००१ च्या २.४.१५ मध्ये एक्स्ट-३ म्हणून ते सगळ्यांना मिळालं.

आपल्याकडे सरकारी कामातही हीच पद्धत आहे. मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा १९०३ साली आला, आणि आज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातली कलमं १४९ आणि १५० तेच सांगतात. जमीन विकली, वारसाने आली, गहाण पडली, तर तलाठी थेट सातबारावर काही लिहीत नाही. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमांकासह नोंद. मग संबंधितांना नोटीस, हरकत घ्यायला मुदत. मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर बदल. जुन्या हस्तलिखित सातबारावर जुन्या मालकाचं नाव कंसात आणि शेजारी वर्तुळात फेरफारचा नंबर दिसतो. तो नंबर म्हणजे 'कीर्दीतली कुठली नोंद बघा' याची खूण. म्हणून जाणता माणूस जमीन घेताना नुसता सातबारा बघत नाही, 'एखादा फेरफार प्रलंबित आहे का' हेही बघतो. आता तर 'आपली चावडी'वर त्या नोटिसा फोनवर दिसतात. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या आपल्या उपनगर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत आज बहुतेकांच्या नशिबी सातबाराऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं, पण तिथेही फेरफारशिवाय नाव चढत नाही.

एका बाबतीत मात्र ही तुलना मोडते, आणि आपली खरी गोष्ट तिथेच सुरू होते. फेरफारची वही कायम जपली जाते. फाइलसिस्टीमचं जर्नल ठरावीक लांबीचं असतं आणि गोल फिरतं. शेवटच्या पानानंतर पुन्हा पहिल्या पानावर लिहायचं. पण पहिल्या पानावरची नोंद अजून खतावलेलीच नसेल तर? ती पुसता येत नाही. मग नवी नोंद करायला जागा नाही, आणि जागा होईपर्यंत त्या डिस्कवर मेटाडेटा बदलणारे सगळे प्रोग्राम ताटकळत उभे. म्हणजे कीर्दीने खतावणीची घाई संपवली, पण खतावणी टाळता येत नाही. ती कोण करणार, केव्हा, कुठल्या क्रमाने?

एक्सएफएसमध्ये या प्रश्नाला बरीच वर्षं एकच उत्तर असं नव्हतंच. खतावणी करणारे हात अनेक होते. कीर्दीतल्या न खतावलेल्या नोंदींची यादी जुनी आधी, नवी नंतर अशी ठेवून मागून रेटणारा एक कामगार होता. त्याच्या शेजारी दर सेकंदाला उठून, १५ सेकंदांहून जुनी झालेली पानं डिस्कवर टाकणारा दुसरा. दर ३० सेकंदांनी 'सगळं नीट आहे ना' बघणारा तिसरा. कर्नलचा सर्वसाधारण भाग मधेच येऊन सांगायचा, 'हा आयनोड मळलाय, लिही.' आणि सर्वांत त्रासदायक पाचवा: मेमरी कमी पडली की जागा मोकळी करायला निघालेला. त्याच्या हाती मळलेला आयनोड लागला की तो तिथल्या तिथे डिस्कवर लिहायला बसायचा.

एकाच वहीत पाच जण लिहितात तेव्हा काय होतं ते एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. प्रत्येकाचा क्रम वेगळा. पहिला जुन्यापासून रेटतोय, दुसरा वयानुसार, पाचवा मेमरीतल्या जागेनुसार. डिस्कचं डोकं इकडून तिकडे नाचतंय. प्रत्येकाला कुलूप हवंय, एकाचं कुलूप दुसऱ्याला अडवतंय. आणि मेमरी हवी म्हणून लिहायला बसलेल्या पाचव्याला लिहिण्यासाठीच कधी कधी आणखी मेमरी लागायची: आयनोड ज्या पानावर असतो ते पान मेमरीत नसलं तर आधी डिस्कवरून वाचून आणा, त्यात बदल करा, मग लिहा. तुमचा ब्राउझर थोडी मेमरी मागतोय आणि त्या बदल्यात डिस्कची वाट बघत थिजलाय, असा तो प्रकार.

हे सोपं करायचं म्हणजे चार हात काढून टाकायचे. पण लगेच काढता येत नव्हते, कारण कीर्द महाग होती. आधीच्या एक्सएफएसमध्ये तीच गोष्ट दहा वेळा बदलली की दहा वेळा जर्नलमध्ये जायची. म्हणून फाइलची वेळ बदलण्यासारखे किरकोळ बदल कीर्दीला वळसा घालून जायचे, आणि वळसा घालणाऱ्यांसाठी वेगळे हात ठेवावे लागायचे.

डेव्ह चिनर यांनी २०१० मध्ये, लिनक्स २.६.३५ च्या वेळी, ही अडचण मुळापासून सोडवली. बदल आधी मेमरीतच एका यादीत जमवायचे. एकच पान दहादा बदललं तर त्याची शेवटची अवस्था एकदाच जर्नलमध्ये. कच्च्या वहीत आकडेमोड करून पक्क्या कीर्दीत एकच ओळ लिहावी तसं. २०११ च्या २.६.३९ मध्ये हे आपोआप चालू झालं.

कीर्द स्वस्त झाल्यावर पुढची आवराआवर पटापट झाली. २०१२ च्या लिनक्स ३.४ मध्ये फाइलच्या वेळेची नोंदसुद्धा कीर्दीतून जाऊ लागली. वळसा घालणारा तो शेवटचा मेटाडेटा होता. त्यासरशी आयनोड लिहिण्याच्या आडवाटेचा बराच कोड निकामी झाला. त्याच वर्षी ३.५ मध्ये ख्रिस्टोफ हेलविग यांनी त्या दर सेकंदाला उठणाऱ्या कामगारालाच रजा दिली. त्यांचा मुद्दा साधा होता: उशिराने पानं लिहिणारी ठिकाणं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, मग ज्याला लिहायचंय त्याने स्वतःची छोटी यादी करावी आणि स्वतःच लिहावी. सगळ्यांनी एका सामायिक ढिगात टाकायचं आणि तिसऱ्याच कुणी उठून ते उपसायचं, हा व्याप कशाला?

एवढं करूनही पाचवा हात आणखी आठ वर्षं शिल्लक राहिला. मेमरी मोकळी करणाऱ्याने काहीच लिहायचं नाही म्हटलं, तर मेमरीच संपायची भीती. चिनर यांनी २०२० मध्ये ती गाठ सोडवली. आयनोड मळला की त्याच क्षणी त्याचं पान मेमरीत धरून ठेवायचं, म्हणजे लिहिताना डिस्कवरून वाचायची वेळच येणार नाही. आणि मेमरी शोधत येणाऱ्याला मळलेला आयनोड दिसला तर त्याने तो सोडून पुढे जायचं, फार तर खतावणी करणाऱ्याला 'जरा हात चालव' असं सांगायचं. आता नेहमीच्या कामात वहीत लिहिणारा एकच, आणि तो कीर्दीच्या क्रमाने, एका पानावरचे सगळे मळलेले आयनोड एका दमात उतरवत जातो.

हा बदल ज्या लिनक्स ५.९ मध्ये आला ते बाहेर पडलं रविवारी, ११ ऑक्टोबर २०२० ला. तारीख ओळखीची वाटते का? दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. कळव्याकडची पारेषण यंत्रणा बसली, लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद, आणि निम्मं शहर घरून काम करत असताना राउटरचे दिवे विझले. अर्थात त्या सकाळी मुंबईत कुणाच्या मशीनवर आदल्या दिवशीचं कर्नल असण्याची शक्यता जवळपास शून्य. पण वीज परत आल्यावर मुलुंड-भांडुपच्या घरांतले असंख्य डेस्कटॉप, दुकानांतली बिलिंग मशिनं, सोसायट्यांचे सीसीटीव्ही रेकॉर्डर 'सगळ्याला वाय दाबा' न विचारता चालू होऊ शकले, ते कुठल्या ना कुठल्या कीर्दीच्या जोरावर. डेटा सेंटरला जनरेटर असतो. या बिचाऱ्यांना कोण देतो?

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाकतो, कारण ॲप लिहिणारे बरेच जण हा एपिसोड ऐकतात. फाइलसिस्टीमची ही कीर्द साधारणपणे मेटाडेटाची असते. रजिस्टर शाबूत राहील याची हमी आहे. तुमच्या फाइलच्या आत काय होतं याची नाही. एक्स्ट-३ दर पाच सेकंदांनी जर्नलवर शिक्का मारायची आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याआधी फाइलचा मजकूरही डिस्कवर ढकलायची, त्यामुळे लोकांना वाटायला लागलं की सेव्ह म्हणजे सेव्ह. एक्स्ट-४ मजकुराला जागा द्यायलाच उशीर करते. २००९ मध्ये उबुंटूवाल्यांच्या मशिनी अडकून बंद पडल्या आणि परत चालू केल्यावर कितीतरी सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. नाव आहे, दाखला आहे, आत काही नाही. रजिस्टर तंतोतंत बरोबर, फ्लॅट रिकामा. टेड त्सो यांनी तेव्हा नेहमीच्या प्रकारांसाठी सोय करून दिली, पण मुद्दा कायम ठेवला: मजकूर पक्का हवा असेल तर प्रोग्रामने एफसिंक मागितलाच पाहिजे. डिसेंबर २०१० मध्ये नेक्सस एस हा फोन एक्स्ट-४ घेऊन आला तेव्हा अँड्रॉइडच्या टीमलाही डेव्हलपरांना जाहीरपणे हेच सांगावं लागलं होतं. नवी फाइल वेगळ्या नावाने लिहा, एफसिंक करा, मग जुन्या नावावर आणा. तीन ओळींचं काम आहे, आणि कोड रिव्ह्यूमध्ये मला आजही दर महिन्याला एक तरी असा सापडतो ज्याने मधली ओळ गाळलेली असते.

आणि ज्यांचं ॲप सगळं एसक्यूलाइटमध्ये ठेवतं, ते म्हणतील आम्हाला काय त्याचं. तर एसक्यूलाइटची स्वतःची कीर्द असते, आणि ती फाइलसिस्टीमच्या कीर्दीवर बसते. म्हणजे एक चॅट मेसेज आला की कीर्दीचीही कीर्द लिहिली जाते, आणि तेवढ्याने फोनची चिप जास्त झिजते. सॅमसंगमध्ये जन्मलेल्या एफ-टू-एफएसने या दुहेरी लिहिण्यावर काय उपाय केला आणि एसक्यूलाइटने २०१७ मध्ये तो कसा स्वीकारला, ते पुढच्या एपिसोडला. तोवर प्रश्न असतील तर पाठवा, व्हॉइस नोट चालेल, फक्त बोगद्यातून पाठवू नका.